सहावी सूचना

आमच्या प्रकल्पाच्या अहवालात शेवटून दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे. ‘लाभार्थी महिलेने चाचणीपूर्वी झाडास अनावश्यक पाणी दिल्यामुळे खोडाची साल सुटली.’ ती लाभार्थी महिला म्हणजे माझी मामी. हे वाक्य डोळ्यांपुढे आलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लाभार्थी म्हणे! लाभ कसला झाला तिला, ते हे लिहिणाऱ्याने एकदा गावात येऊन तिच्यासमोर उभं राहून सांगावं.

राग मला लहानपणापासूनच आहे. मी घुग्घुसची. वडील कोळशाच्या खाणीत होते. आमच्याकडे सकाळी दोरीवर घातलेला पांढरा गणवेश दुपारपर्यंत राखाडी व्हायचा, त्यामुळे चिडायला मला कारण शोधावं लागत नसे. आई म्हणायची, या पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असतो. तो उतरायचा फक्त उन्हाळ्यात, शाळा संपली की, मामाच्या गावी.

मामाचं गाव चामोर्शीच्या पुढे, जंगलाला लागून. घरामागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि दुसऱ्या बांधीच्या धुऱ्यावर, मधल्या बांधावर, चाराचं एक झाड. चारोळी ज्या फळाच्या बीमधून निघते ते चार. बोराहून लहान, पिकलं की काळं पडतं, गर कमी पण गोड. खाऊन खाऊन आमचे ओठ जांभळे व्हायचे. जंगलात चाराची झाडं पुष्कळ होती, पण ती सगळ्या गावाची. हे धुऱ्यावरचं मामीचं. मामाची शेती असली तरी झाड मामीचं, असं घरात ठरूनच गेलं होतं. तिच्या सासूने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिला ते दाखवून सांगितलं होतं, हे तुझं.

फळं काळी पडायला लागली की मामीची एक रीत होती. पहिल्या तोडीच्या आधी आठ दिवस ती रोज संध्याकाळी झाडाच्या बुडाशी एक गुंड, म्हणजे एक घागर, पाणी ओतायची. भर उन्हाळ्यात, हापशीवर रांग असताना, घरातलं पाणी पुरवून वापरत असताना. मी छोटा तांब्या घेऊन तिच्या मागे जायची. एकदा मी विचारलं होतं, जंगलातल्या झाडांना कोण पाणी घालतं, मग याला कशाला? ती म्हणाली, “ज्याच्या घरचं खायाचं, त्याले आधी पाणी इचारा लागते.” मला ते पटलं. आमच्या घरी पाहुणा आला की आधी पाणीच विचारत असत.

पुढे मी कृषी अभियांत्रिकी शिकले आणि विद्यापीठाच्या एका प्रकल्पात कंत्राटी संशोधन सहायक म्हणून लागले. फळं यंत्राने तोडण्याचा प्रकल्प. आमचे सर, म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख, मूळचे द्राक्षवाले. त्यांची उमेदीची वर्षं द्राक्षबागांमध्ये गेली. वेलींच्या सरळ ओळी, त्यांना आधाराच्या तारा, ओळीच्या दोन्ही बाजूंनी चालत जाणारं उंच यंत्र, ते वेल थरथरवतं आणि मणी खाली पट्ट्यावर पडतात. हे चित्र ते प्रत्येक भाषणात दाखवायचे. मग वनफळांसाठी पैसा मंजूर झाला, तेव्हा तेच चित्र राहिलं आणि वरचं शीर्षक तेवढं बदललं. मी विचारलं, सर, आपल्याकडे चाराचं एक झाड इथे तर दुसरं पार नाल्याच्या पलीकडे, ओळ कुठून आणायची? ते म्हणाले, तत्त्व एकच असतं. या तत्त्वाने मला पुढे दोन वर्षं छळलं.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही यंत्र आणलंच नाही. आधी मामाच्या गावी हाताने तोडण्याची मोजणी. मी झाडाखाली स्टॉपवॉच घेऊन उभी, आणि वर मामी आणि शेजारच्या दोन बाया. माझ्या तक्त्यात रकाने होते: चढणे, तोडणे, उतरणे, विश्रांती, बोलणे. बोलण्याचा वेळ वाया गेलेला धरायचा. सरांनीच तसं ठरवलं होतं. आता त्या बाया काय बोलत होत्या, तर तुझ्या उजव्या हातची फांदी अजून हिरवी आहे, ती सोड, चार दिवसांनी घेऊ. चार एकदम पिकत नाही. एका झाडावर तीन-चार फेऱ्या होतात, दर फेरीला फक्त काळी फळं घ्यायची. ते ठरवायला बोलावं लागतं. मी ते कानांनी ऐकत होते आणि हाताने वाया गेलेल्या वेळात लिहीत होते. तेव्हाच मला स्वतःची चीड यायला हवी होती. आली ती सरांची. ते सोपं पडतं.

दुसऱ्या वर्षी यंत्र तयार झालं. ट्रॅक्टरला जोडलेला लोखंडी हात, त्याच्या टोकाला रबर लावलेली पकड. पकडीत खोड धरायचं आणि झाड हलवायचं, खाली ताडपत्री. ते बनवलं चामोर्शीच्या एका वेल्डिंगवाल्या चाचांनी. ट्रॅक्टरही तेच चालवायचे. सरांच्या आराखड्यातली पकड दोनदा तुटली, तिसऱ्यांदा चाचांनी स्वतःच्या डोक्याने केली ती टिकली. अहवालात त्यांचा उल्लेख ‘स्थानिक कारागीर’ असा अर्ध्या ओळीत आहे.

चाचणीसाठी झाड हवं होतं. ट्रॅक्टर जाईल अशा जागी, सरळ खोडाचं, बेताच्या जाडीचं. मामीचं झाड मीच सुचवलं. आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेणं म्हणतात ते हेच, फक्त पाय मामीचा होता. मामा लगेच तयार झाला. त्याच्या घरी धानाचं बी वर्षानुवर्षं विद्यापीठाच्या सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रातून येत आलं होतं आणि त्या बियाण्याने त्याला कधी दगा दिला नव्हता. विद्यापीठाची माणसं खोटं बोलत नाहीत, असा त्याचा हिशेब. मामीने मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, “झाडाले लागन का वं बाई?”

मी म्हटलं, “नाही लागत मामी. मी आहे ना तिथे.”

आता सहावी सूचना. गावकऱ्यांना द्यायला मराठीत एक पत्रक करायचं होतं, ते काम माझ्याकडे आलं. यंत्रांबद्दल जे जे वाचायला मिळालं ते वाचून मी नऊ सूचना काढल्या. सहावी अशी होती: ‘चाचणीच्या आधी पंधरा दिवस झाडाला पाणी देऊ नये. ओल मिळाली की सालीखाली रस सुटतो, साल सैल होते आणि पकडीत सरकून निघते.’ ही काही माझी अक्कल नव्हती. झाड हलवणाऱ्या यंत्रांवर काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं. सरांनाही होतं.

सरांनी पत्रक पाहिलं आणि म्हणाले, एका पानात बसवा, जास्त सूचना वाचल्या की लोकांना यंत्र धोक्याचं वाटतं. मग एकेक सूचना कापत आम्ही सहावीवर आलो. ते हसले. “जंगली झाडाला कोण पाणी घालतं मॅडम?”

मी पण हसले. त्या क्षणी मला मामीचा गुंड आठवला नाही असं म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं. आठवला. गुंडही आठवला, माझा तांब्याही आठवला. पण आमच्या घरी चाराच्या झाडाला पाणी विचारतात, हे त्या खोलीत, पंख्याखाली, सरांसमोर सांगायची मला लाज वाटली. मला वाटलं, ते आणखी हसतील, नंतर जेवताना इतरांना सांगतील. म्हणून मी ती ओळ निवडली आणि बटण दाबलं. सूचना पाच राहिल्या. पाचवी होती, चाचणीच्या वेळी लहान मुलांना दूर ठेवा.

मामीला वेगळं कळवून टाकू, असं मी मनाशी ठरवलं होतं. संध्याकाळी फोनही केला. तो मामाने उचलला. मामी बाजारात गेली होती. मामाने विचारलं, किती माणसं जेवायला येतील? मी आकडा सांगितला, सगळं ठीक ना म्हणून विचारलं, तो ठीक म्हणाला, आणि मी फोन ठेवला. पुन्हा केला नाही. त्या पंधरवड्यात ताडपत्र्या, परवानगीची पत्रं, पाहुण्यांची गाडी, त्यांचं जेवण, या सगळ्यात मी धावत होते. ही सबब आहे, मला कळतं.

चाचणीच्या दिवशी सकाळी गावात मंडप होता. नागपूरहून तीन पाहुणे आले होते, प्रकल्प पुढे चालवायचा की नाही हे ते ठरवणार होते. मामीने नवं लुगडं नेसलं होतं. झाडाला हळदकुंकू लावलं होतं. चाचांनी ट्रॅक्टर धुऱ्याजवळ नेला, लोखंडी हात पुढे केला आणि मग खाली उतरले. बुडाजवळची माती त्यांनी बुटाच्या टोकाने उकरली, वाकून हातात घेतली, दाबली. मला हाक मारून म्हणाले, “मॅडम, जमीन तो गिली आहे. इथी पाणी कोन टाकलं?”

मामी पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला तो अजून विसरता येत नाही. “मी टाकलं भाऊ. आठ दिवस झाले, रोज दोन-दोन गुंड टाकून राह्यली. तुमची मशीन लय कडक आहे म्हनते, म्हनून यंदा जास्त पाजलं.”

मी सरांकडे गेले आणि हळूच सांगितलं, झाडाला पाणी दिलंय, साल सुटेल, पंधरा दिवस थांबायला हवं. त्यांनी माझ्याकडे न पाहता पाहुण्यांकडे पाहिलं. म्हणाले, पाहुणे दुपारी परत निघणार आहेत, वेग कमी ठेवा, काही होत नाही. चाचांनी नकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, मी तर नसतं केलं, पण तुम्ही सांगाल तसं. यंत्र सुरू करायचा इशारा देणं हे माझं काम होतं. सरांनी पुन्हा म्हटलं, चला. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी हात वर केला.

झाड हललं. फळांचा सडा पडला, टाळ्या वाजल्या. ताडपत्रीवर काळी फळं होती, त्याहून कितीतरी जास्त हिरवी, कोवळी, पानं आणि बारीक काटक्या. हिरव्या चाराला बी धरलेली नसते, त्याचा काही उपयोग नाही. पण फोटोत सगळंच फळ दिसतं, आणि वजन करताना सरांनी सगळं एकत्रच केलं. हाताने तोडायला बायांना किती दिवस लागले असते, असं पाहुण्यांनी विचारलं. सरांनी माझ्याच तक्त्यातला आकडा सांगितला, बोलण्याच्या वेळासकट.

मग चाचांनी पकड उघडली. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी खोडाची साल पकडीबरोबर निघून आली, हातभर रुंद, जवळजवळ चहूबाजूंनी. आतलं पांढरं लाकूड ओलं दिसत होतं. मागच्या बाजूला दोन बोटांची एक पट्टी तेवढी शिल्लक राहिली. झाडाला असा पट्टा सोलला की ते मरतं, हे त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. टाळ्या थांबल्या. एका पाहुण्याने घड्याळ पाहिलं.

मामीने सालीचे तुकडे गोळा केले आणि ते खोडावर परत बसवायला लागली. शेण आणि माती मागवली, घरातलं जुनं लुगडं फाडलं, खोडाला लपेटलं. मी मदत करायला वाकले तर तिने माझा हात बाजूला केला. मागून सर म्हणत होते, जेवणं उरकून घेऊ या.

महिन्याभराने अहवाल माझ्याकडे भाषा तपासायला आला आणि त्यात ते वाक्य होतं. मी सरांच्या खोलीत गेले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ते शांत होते. म्हणाले, तिने पाणी दिलं होतं की नाही? मग चूक काय लिहिलं? मी म्हटलं, मग सहावी सूचनाही छापा, आणि ती कोणी काढली तेही. ते म्हणाले, ती तुम्हीच काढलीत मॅडम, तुमच्याच संगणकावर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण चोर दोन होते आणि त्यातली एक मी होते. त्यांना ते झाडही ठाऊक नव्हतं, मला त्या झाडाचं पाणीसुद्धा ठाऊक होतं. मी घडलेलं सगळं लिहून अहवालाला जोडायला दिलं. अहवाल माझ्या कागदाशिवाय छापला गेला. माझं कंत्राट पुढे वाढलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही, खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं.

दरवर्षी दिवाळीआधी मामीकडून घुग्घुसला चारोळीची पुरचुंडी यायची. त्या वर्षी आली नाही. आई म्हणाली, नसेल झाली यंदा.

पुढच्या उन्हाळ्यात गेले. झाड उभं होतं. एक फांदी सोडून बाकी सगळं वाळलेलं. त्या दोन बोटांच्या पट्टीवर ती एक फांदी जगली होती, तिला थोडी फळंही धरली होती आणि ती काळी पडायला आली होती. बुडाशी माती भेगाळलेली. मामाला विचारलं, मामी पाणी नाही घालत? तो म्हणाला, तिने सोडलं. ग्रामसभेत कोणीतरी अहवालाची झेरॉक्स आणून वाचून दाखवली होती. त्या दिवसापासून मामीने धुऱ्याकडे जाणंच बंद केलं होतं. अंगणातल्या लिंबाला पाणी घालायचीही तिला भीती वाटायची. वर्षभर ती बाई असं धरून बसली होती की आपण आपल्या हाताने झाड मारलं. आणि मी वर्षभर घुग्घुसला बसून सरांवर दात खात होते. एक फोन करून हे सांगायला मला किती वेळ लागला असता?

मामी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. पाणी घालू नका, असं कागदावर लिहिलेलं होतं, मीच लिहिलं होतं आणि मीच काढलं. का काढलं तेही सांगितलं, लाजेचं सुद्धा.

तिचे हात थांबले. “म्हंजे तुले मालूम होतं.”

“हो.”

“अन मी पाणी टाकतो हेबी मालूम होतं.”

“हो मामी.”

“मी वर्षभर त्याच्याकडं पायलं नाई,” ती म्हणाली. “मले वाटे, मीच मारलं. तू काऊन नाई सांगतलं?”

ती उठली, आत गेली. मला वाटलं आता येणार नाही. ती गुंड घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला आणि परत तांदूळ निवडायला बसली.

मी हापशीवर गेले. त्या दिवशी आणि पुढचे सात दिवस. रोज संध्याकाळी एक गुंड. भेगांमध्ये पाणी जाताना बराच वेळ दिसत राहायचं. मामी जेवायला वाढायची, अंथरूण टाकायची, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मामाने मध्ये पडून पाहिलं, तिने त्यालाही उत्तर दिलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी ती एकटी धुऱ्यावर गेली. वर्षभरात पहिल्यांदा. मी मागोमाग गेले आणि लांब उभी राहिले. तिने खोडावरचं लुगड्याचं फडकं चाचपून पाहिलं, मग आकडीने ती फांदी हळूच वाकवली आणि काळी काळी फळं तोडली, हिरवी ठेवली. ओंजळभर झाली असतील. पदरात बांधून ती माझ्या अगदी शेजारून घरी गेली. मला एकही फळ दिलं नाही. बरोबर केलं तिने.